अळणी

गुणवंतरावांनी पहिला घास तोंडात घेतला आणि थुंकून टाकला.

"माती हाये ही. मनकर्णा, तुले रांधता येते का नाई?"

मनकर्णानं सांडलेला भात उचलला. चांद्याच्या सरकारी दवाखान्यात येऊन नऊ दिवस झाले होते. आल्याच दिवशी डॉक्टरांनी नवऱ्याच्या पोटातून दोन बादल्या पाणी काढलं होतं, आणि दोघी बायकांना समोर उभं करून बजावलं होतं. मोहाची दारू बंद. मिठाचा कण नाही. जलोदराला मीठ म्हणजे विष. तेव्हापासून सकाळचं जेवण थोरली मनकर्णा भरवायची, संध्याकाळचं धाकटी कमळा.

संध्याकाळी काय चालतं ते मनकर्णानं तिसऱ्याच दिवशी पाहिलं होतं. कमळा पदराखालून पळसाच्या पानाची पुडी काढायची. सुक्या झिंग्यांची खारट चटणी. गुणवंतराव बोटं चाटायचे, हसायचे, मनगट धरून तिला खाटेवर बसवून घ्यायचे. मनकर्णाला वीस वर्षांत असं कधी कोणी बसवून घेतलं नव्हतं.

डॉक्टरांना सांगायला एक शब्द पुरला असता. पण व्हरांड्यात उभी राहून ती मनाशी म्हणायची, खा. लाडकीच्या हातचंच खा. पाहू किती पचते.

दहाव्या दिवशी पोट पुन्हा माठासारखं तटतटलं. डॉक्टरांनी पापणी ओढून पाहिली. डोळा हळदीसारखा पिवळा.

"हात समोर धरा. मनगटं वर, बोटं पसरून."

गुणवंतरावांनी हात धरले. पंजे आपोआप खाली पडत, वर येत, पुन्हा पडत. डॉक्टर बराच वेळ त्या हातांकडे पाहत राहिले.

"यांना मीठ कोण देतं?"

कमळाचं तोंड पांढरंफटक पडलं. गुणवंतरावांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि बोट दुसरीकडे केलं.

"हिनं देल्लं. थोरलीनं."

सवतीचं नाव मनकर्णाच्या जिभेवर आलं. तिथंच थांबलं. आठवडाभर ती उभ्यानं पाहत होती.

"होय जी," ती म्हणाली. "माह्यापासूनच झालं."

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी तिला बाहेर नेलं.

"यकृत पार आकसलंय, बाई. रक्ताला तिथून वाट मिळत नाही, म्हणून अन्ननळीच्या शिरा फुगल्यात. एखादी फुटली की रक्ताची उलटी. मग माझ्या हातात काही नाही. पाणी परत भरलं, डोळे पिवळे, हात हे असे... महिना. फार तर दीड."

"मिठानं झालं का जी?"

"आजार जुना आहे. मीठ पाळलं असतं तर थोडे दिवस वाढले असते. किती, ते नाही सांगता येणार." ते जायला वळले. "आता आवडेल ते खाऊ द्या."

दवाखान्यामागच्या पडवीत मनकर्णानं तीन दगडांवर भात चढवला. भाजलेले झिंगे, मिरची, लसूण पाट्यावर घेतलं, आणि मूठभर मीठ हातात धरून ती थोडा वेळ तशीच बसली. मग त्यातली चिमूट टाकली. आणखी एक.

कमळा चुलीपाशी येऊन उकिडवी बसली. डोळे सुजले होते.

"बाई, माह्यं नाव काऊन नाई घेतलं?"

"सरक तिकडं. धूर लागते."

गुणवंतराव डोळे मिटून जेवले. दहा दिवसांत पहिल्यांदा मनकर्णाच्या हातचा घास त्यांनी थुंकला नाही.

"वा! कमळीच्या हाताले चव हाये."

"मी नाई जी," पायथ्याशी उभी कमळा रडवेल्या आवाजात म्हणाली. "बाईनं रांधलं."

"लबाड," ते लाडानं हसले. "मले का कळत नाई?"

कमळा पुन्हा तोंड उघडणार, तोच मनकर्णानं डोळ्यांनीच तिला गप्प केलं आणि पुढचा घास कालवला.