रविवार मोजत नाहीत

बर्नाडीन कोझलिकनं स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाठ केली आणि माशांच्या तुकड्यांनी भरलेली तळणीची जाळी तेलात सोडली.

खिडकीपलीकडे चर्चचा हॉल गच्च भरला होता. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळातले शुक्रवार मांसाविना काढायचे, म्हणून गाव तळलेला कॉड मासा आणि कोबीची कोशिंबीर खायला इथं जमायचं. आज माशाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. शाळेतला टीव्ही चाकांच्या गाडीवरून आणून मधोमध उभा केला होता. नदीकाठचं त्यांचं एवढंसं कॉलेज पंचवीस वर्षांनी देशाच्या मोठ्या बास्केटबॉल स्पर्धेत उतरलं होतं, आणि बर्नाडीनचा नातू टॅड त्या संघात होता.

“तीनच गुणांनी मागे आहेत,” लोरेन रिकामा ट्रे घेऊन आत आली. तीस वर्षं दोघी इथं शेजारी उभ्या राहून मासे तळत होत्या. “एक नजर टाक गं. देवाला काय तुझ्याशिवाय दुसरं काम नाही?”

“नसलं तर?”

उपवास सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी तिनं नवस बोलला होता. दोनदा ऑपरेशन झालेल्या त्या गुडघ्यानिशी टॅडला एकदा तरी कोर्टावर उतरू दे. ईस्टरपर्यंत मी एकही सामना पाहणार नाही. दहाव्या दिवशी डॉक्टरांनी त्याला खेळायची परवानगी दिली. हॉलमध्ये हे बहुतेकांना ठाऊक होतं; टॅडला मात्र नव्हतं.

“नवस जरा बेतानं बोलावा,” लोरेन म्हणाली. “मी दरवर्षी चॉकलेट सोडते. चालतं देवाला.”

“तुझं चॉकलेट नाताळातच संपलेलं असतं.”

“असू दे. आज जिंकले तर पुढचा सामना रविवारी आहे. आणि रविवार उपवासात मोजत नाहीत. पाय वर घेऊन खुशाल बघ.”

बर्नाडीननं ते कॅलेंडरवर कधीच पाहून ठेवलं होतं. पण एकदा मागून झालेल्यानं पुन्हा कसं मागायचं? टॅडचं हे शेवटचं वर्ष. आज हरले की त्याचं खेळणं संपलं, आणि तिनं ते पाहिलेलंच नसणार. म्हणून ती सकाळपासून काही न मागता नुसती हात चालवत होती.

पीठ लावलेले तुकडे आणायला ती फ्रीजकडे वळली आणि थबकली. फ्रीजच्या चकचकीत पोलादी दारात हॉलमधला टीव्ही आरशासारखा उमटला होता. बोटभर उंचीची माणसं धावत होती. त्यांतल्या एकाच्या गुडघ्याला काळा पट्टा होता. तो धावता धावता वाकला, पट्टा वर ओढला आणि पुन्हा धावू लागला.

तिनं अंगावरचा ॲप्रन काढला आणि फ्रीजच्या दारावर टांगला.

हे फादर ग्रोगननी खिडकीतून पाहिलं. हातातली बशी ठेवून ते आत आले. तिच्या मुलापेक्षाही लहान होते, पण तिच्याशी बोलताना नेहमी थोडे वाकायचे.

“मिसेस कोझलिक, शेवटची दोन मिनिटं राहिलीत. नवसातून मोकळं करायचा अधिकार मला आहे. आत्ता, इथंच करतो. या बाहेर.”

बर्नाडीननं जाळी झटकली. तेल चरचरलं.

“मग गुडघा परत द्यावा लागेल ना, फादर?”

फादर तिथंच उभे राहिले आणि त्यांनीही खिडकीकडे पाठ केली.

हॉल गप्प झाला. काटे-चमचेसुद्धा थांबले. एवढी शांतता तिनं गुड फ्रायडेलाही तिथं ऐकली नव्हती. मग सगळ्यांच्या छातीतून एकदम वर चढलेला एक आवाज आला आणि मध्येच तुटला. त्यानंतर खुर्च्या सरकल्या.

जिंकल्याचा आवाज घशातून येतो, हरल्याचा खुर्च्यांतून. गावात इतकी वर्षं काढलेल्या बाईला ते कुणी सांगावं लागत नाही.

लोरेन बराच वेळ आत आली नाही. आला तो एल्मर, नदीवर बोटी चालवून निवृत्त झालेला, दर शुक्रवारी शेपटीचा जादा तुकडा मागणारा. आज त्यानं काही मागितलं नाही. टोपी काढून खिडकीशी उभा राहिला.

“सांगितलेलं चालतं ना तुला?”

“सांगितलेलं चालतं.”

“एकोणीस मिनिटं खेळला. एकदा जोरात पडला, पण आपला आपण उठला.”

“कुठल्या पायावर?”

“दोन्ही पायांवर, बाई.” त्यानं टोपी हातात फिरवली. “शेवटचा चेंडू त्याचाच होता. बास्केटच्या कड्यावर फिरला, फिरला… मी तर आत गेलेला पाहिला. पण बाहेर आला.”

तिनं शेपटीचा तुकडा त्याच्या बशीत ठेवला.

तासाभरानं भिंतीवरचा फोन वाजला. लोरेननं उचलला आणि तिच्यापुढे धरला.

“आजी? वाटलंच मला, तिथंच असशील.” टॅडचा आवाज बसला होता. “बघितलंस ना?”

“गुडघा कसा आहे?”

“बरा आहे गं. आजी, तो शेवटचा चेंडू…”

“थांब जरा.”

तिनं गॅस बंद केला. हॉलमधला टीव्ही अजून चालूच होता, कुणाचा तरी पुढचा सामना लागला होता. फोनची वायर ओढून घेत ती भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसली.

“शेवटचा नको,” ती म्हणाली. “चेंडू पहिल्यांदा वर उडाला, तिथपासून सांग.”