काठोकाठ

"पोरगी स्टेशनवर येणार नाही? मग हायखौत एकट्या फिरणार कशा तुम्ही, मावशी?" फूसाहेबांनी विचारलं.

समोरच्या बाकावरच्या खांगबाई हसल्या. "तिची ड्युटी आहे. सुटली की भेटेल."

चीनच्या वायव्येकडच्या कान्सूतल्या कोरड्या खेड्यातून दोन दिवस आगगाडीत बसून त्या इथवर आल्या होत्या. गाव पहिल्यांदाच सोडलं होतं. फूसाहेब दक्षिणेच्या बेटावरच्या हायखौ शहरातलेच, नारळाचे व्यापारी. आणि हायखौच्या माणसाकडे सल्ला मागावा लागत नाही, तो मिळतोच.

"स्टेशनाबाहेर टॅक्सीवाले हात धरून ओढतील. लुच्चे सगळे! आपण गुपचूप बस धरायची. जुन्या बाजारात कमानींखालून चाला, ऊन लागत नाही. आमच्यासारखं शहर नाही, मावशी! मुलगी काय करते तिथं?"

"लोकांची ने-आण."

"म्हणजे टॅक्सीच की!" फूसाहेब ओशाळले, पण जीभ काही थांबेना. "टॅक्सीवाली, आणि आईला न्यायला सवड नाही?"

गावात खांगबाईंचा दीरही असंच टोचून बोलला होता. 'पोरगी कामाबद्दल थापा मारते. परत आण तिला, लग्न लावून टाकू.' त्यावर 'आधी मी स्वतः बघते,' एवढंच म्हणून त्या निघाल्या होत्या. मनात मात्र धाकधूक होती. दिराचंच खरं निघालं तर?

पुढे समुद्र, म्हणून किनाऱ्यावर गाडीचे डबे सुटे केले आणि माणसांसकट ढकलत ढकलत जहाजाच्या पोटात नेले. खिडकीबाहेर नुसती लोखंडी भिंत. खाली उतरायची परवानगी नसते.

"समुद्र कुठाय?" खांगबाईंनी विचारलं.

"तुमच्या पायाखाली."

वारा जोराचा होता. तासभर डबा डुलत राहिला आणि शहराचं कौतुक अर्धवट टाकून फूसाहेब पोट धरून बसले. मग इंजिनाचा आवाज मंदावला.

"आता नीट धरून बसा," ते म्हणाले. "धक्क्याला लागताना असा हिसका बसतो की दात हलतात. मागच्या खेपेला चहानं माझी विजार भिजली."

खांगबाईंनी थर्मास उघडला, कप काठोकाठ भरला आणि समोर मेजावर ठेवून दिला.

"अहो, मी सांगतोय काय आणि तुम्ही करताय काय!"

"आमच्याकडे विहीर दोन कोसांवर," कपावरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "माझी श्याओमान नऊ वर्षांची असल्यापासून कावडीनं पाणी आणायची. थेंब सांडला तर स्वतःच रडायची."

याचा टॅक्सीशी काय संबंध, ते फूसाहेबांना कळेना. ते हिसक्याची वाट बघत बाक घट्ट धरून बसले.

बाहेर साखळ्या खणखणल्या. जहाजाचा दरवाजा उघडला आणि डब्यात ऊन आलं.

"लागलंसुद्धा?" फूसाहेबांनी कपाकडे पाहिलं. मेजावर थेंब नव्हता. "बारा वर्षं ये-जा करतोय, असं कधी झालं नाही. आज कप्तान आहे तरी कोण?"

खांगबाईंचे डोळे भरून आले होते. त्यांनी कप उचलून पहिला घोट घेतला.

"आमची टॅक्सीवाली."