यादीच्या तळाशी

अकरा वाजता फायर अलार्म कोकलला, तेव्हा सीमा पर्स घेऊन लिफ्टपाशी उभी होती. तासाभरापूर्वीच तिला फायर केलं होतं. परळच्या या टॉवरच्या जागी गिरणी होती, तेव्हा तिचे वडील इथेच बॉयलरवर फायरमन होते. एकाच शब्दाने बापाला पोसलं आणि लेकीला हाकललं, आता काय म्हणावं!

आग नव्हती, नेहमीचं ड्रिल होतं. लोक मोबाइल बघत जिन्याकडे निघाले. गेली सहा वर्षं मजल्याची फायर वॉर्डन सीमाच होती, पण आता तिचा काय संबंध? तीही निघालीच. मग आठवलं, पॅन्ट्रीतल्या जाईबाईंना कमी ऐकू येतं, आणि त्यांना बोलवायचं दुसऱ्या कुणाच्या डोक्यात येत नाही. तोंडातल्या तोंडात एक अस्सल मालवणी शिवी हासडून ती मागे वळली.

जाईबाई निवांत कप विसळत होत्या. त्यांचं गुडघ्याचं दुखणं सांभाळत दोघी चौदा मजले उतरल्या. डोळे का लाल, म्हणून त्यांनी विचारलं, तर नोकरी गेल्याचं सीमाला जिना घुमेल इतक्या मोठ्याने सांगावं लागलं. 

खाली गेटजवळ विहंग यादी घेऊन उभा होता. हाच तिचा साहेब. सकाळचं पत्रही यानेच दिलं होतं, मान खाली घालून. नावं वाचून झाली, सगळे हजर. सीमाचं नाव तासाभरात यादीतून गेलंसुद्धा. एरवी साधी रजा मंजूर व्हायला आठवडा लागायचा.

तिला लागलं, फार लागलं. तरी तिने यादी मागून घेतली आणि दर ड्रिलला करायची तेच केलं. तळाशी पेनाने 'जाईबाई' लिहिलं. त्या कंत्राटदाराच्या कामगार, म्हणून छापील यादीत कधीच नसायच्या. आत अडकलेल्या माणसाला शोधायचं तर आधी त्याचं नाव हवं, असं सीमाचं म्हणणं.

जाईबाईंनी हात पदराला पुसले, पेन घेतलं आणि आपल्या नावाखाली एकेक अक्षर जुळवत लिहिलं, 'सीमा'.

"आता मोजा, साहेब."

विहंगने पहिल्यापासून मोजलं. शेवटची दोन नावं त्याने मोठ्याने वाचली, जाईबाईंना ऐकू जातील अशी.

"हजर," सीमा म्हणाली.