वीतभर झोळ

जाळ्याला काल वीतभर झोळ होता. आज तो नव्हता.

विनिताने डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं. भोपाळबाहेरच्या मैदानावर चार खांबांना बांधलेलं तिचं नायलॉनचं जाळं खाटेवरच्या चादरीसारखं सपाट झालं होतं. शत्रूचं ड्रोन दारूगोळ्याच्या कोठारावर पडण्याआधी त्यात अडकावं, म्हणून तिने ते बनवलं होतं. महागडी यंत्रं मोठ्या तळांना मिळत. सीमेवरच्या लहान चौक्यांना परवडणार होतं ते एवढंच.

"कोणी ताणलं हे?"

सुभेदार नारायण पुढे आले. मूळचे वर्ध्याचे; आता अशाच एका उंच डोंगरावरच्या चौकीवरून जाळी न्यायला आलेले. "आम्हीच, ताई. मंजुरी देणारे साहेब येणार म्हणून. तुमचं काम नीट दिसलं पाहिजे ना? इथली पोरं पहाटेपासून लागली होती."

ती काही बोलायच्या आत साहेबांची जीप आली. साहेबांनी वर पाहिलं आणि ते हसले. "मॅडम, बडे तालाब में मछली पकडनी है क्या?"

वाळूची पिशवी बांधलेलं ड्रोन उडालं, वळलं आणि जाळ्यावर आदळलं. चेंडूसारखं उसळून ते कडेवरून घरंगळलं आणि खाली, कोठार म्हणून चुन्याने आखलेल्या चौकोनात पडलं.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "फिर कभी देखेंगे."

"एक बार और, सर," विनिता म्हणाली. मग नारायणांकडे वळून हळूच, "भाऊ, बाळाची झोळी कधी ताणून बांधतात का?"

नारायणांचा चेहरा उतरला. त्यांनी चारही खांबांच्या दोऱ्या स्वतः सैल केल्या.

दुसऱ्या खेपेला जाळं आधी दबलं, मग त्याने ड्रोनला पोटाशी घेतलं. फिरत्या पात्यांना दोरे गुंडाळत गेले. ड्रोन घरघरलं, थांबलं आणि तिथेच लटकून राहिलं.

साहेबांनी जाळ्याखाली जाऊन वर पाहिलं. "जितने बने हैं, सब भेज दो," म्हणाले आणि जीपकडे गेले.

नारायणांनी पिशवीतून लोकरीची टोपी काढली. आत सुके जर्दाळू होते. "चौकीवरच्या पोरांनी दिलेत तुमच्यासाठी. म्हटलं, आधी जाळं तर पोचू द्या रे. ऐकतात कुठे." ते थोडे घुटमळले. "आराखडा आहे माझ्याजवळ, ताई. पण तिथली पोरंही ताणतीलच. तुम्ही पाठवलंय म्हणून."

विनिताने एक जर्दाळू तोंडात टाकला. आराखड्यात झोळ लिहिलेला होता, ठळक अक्षरांत. आराखडा पुरतो, आपण चौकीवर जायची गरज नाही, असं ती दिवाळीपासून स्वतःला सांगत होती. आई इथे शिवाजी नगरातल्या घरी एकटी पडेल, असंही. आईने मात्र दिवाळीतच लोकरीचे मोजे विणून तिच्या कपाटात ठेवले होते. जाणार आहेस का, असं एकदाही विचारलं नव्हतं.

वाऱ्याने जाळं हललं. त्यात ड्रोन झोपल्यासारखं झुलत होतं.

"वर थंडी फार असते का, भाऊ?"

"असते, ताई."

"मोजे आहेत माझ्याकडे," विनिता म्हणाली. "मी येते बांधायला."