दुसरी प्रत

निवडयादीत भाग्यश्रीचं नाव नव्हतं. तिने यादी तीनदा वर-खाली केली आणि मोबाइल वडिलांच्या हातात दिला. तुम्ही बघा, म्हणाली, मला दिसत नाहीये. रेल्वेच्या शिकाऊ उमेदवारांची यादी होती ती. परीक्षा नाही, मुलाखत नाही. दहावीचे टक्के बघायचे आणि वरून खाली घेत जायचं. यादी अठ्ठ्याऐंशीवर थांबली होती. भाग्यश्रीला त्र्याण्णव होते. या यादीच्या भरवशावर पोरीने बारावीनंतर कॉलेजात प्रवेशही घेतला नव्हता.

रंगरावांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. निवडयादीखाली आणखी एक यादी होती, बाद अर्जांची. त्यात ती सापडली. नावापुढे दोन अर्ज क्रमांक होते आणि कारण होतं: एकाच उमेदवाराचे एकाहून अधिक अर्ज, सबब सर्व अर्ज रद्द.

"दोन कुठून आले?" भाग्यश्री म्हणाली. "मी एकच भरला होता."

रंगराव खाटेवर बसले. दुसऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे त्यांना तोंडपाठ होते.

सव्वीस वर्षं ते एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर बसत होते. अर्ज दोन प्रतींत द्यावा, एक साहेबांकडे जाते, एकीवर शिक्का मारून ती आपल्याजवळ राहते, हे त्यांनी हजारो लोकांना ऐकवलं होतं. एकच प्रत घेऊन येणाऱ्याला ते मान वर न करता झेरॉक्सच्या दुकानाचा रस्ता दाखवत. घरीही तोच कारभार. भाग्यश्रीच्या जन्मदाखल्याच्या इतक्या झेरॉक्स कपाटात होत्या, की मालनबाई म्हणायच्या, अहो, आपल्याला मुलगी एक आहे, चाळीस नाहीत.

अशा माणसाला, अर्ज ऑनलाइन गेला, एवढं ऐकून झोप लागते थोडीच. पोच नाही, शिक्का नाही, घेणाऱ्याची सही नाही. त्या कॉम्प्युटरात कुठे गहाळ झाला तर कुणाला विचारायचं? चार दिवस त्यांनी कळ काढली. पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बुधवार पेठेतल्या एका सायबर कॅफेत गेले, फायलीतली मार्कलिस्ट आणि फोटो दिला, मोबाइल नंबर स्वतःचा घातला आणि रीतसर दुसरी प्रत देऊन आले. घरी बोलले नाहीत. निवड झाल्यावर सांगू, सगळे हसतील, असं त्यांना वाटलं होतं.

"ही सलोनीच," भाग्यश्री म्हणाली.

सलोनी समोरच्या बिल्डिंगमधली, पहिलीपासूनची मैत्रीण. दोघींनी शेजारी बसून अर्ज भरले होते. भाग्यश्रीचा फोटो, मार्कलिस्ट, आधार, सगळं तिच्या मोबाइलमध्ये होतं. आणि यादीत सलोनीचं नाव होतं, अगदी शेवटचं. वर एक जण जरी वाढला असता तरी तिचं आसन डळमळलं असतं. सगळं इतकं चपखल बसत होतं, की मालनबाईंनी स्वयंपाकघरातूनच पुस्ती जोडली, एवढं गोड बोलणाऱ्या पोरीचा त्यांना आधीपासून संशय होता. काल संध्याकाळी तिलाच त्यांनी आग्रहाने थालीपीठ वाढलं होतं, ते त्या विसरल्या.

बोलायचं तर रंगरावांनी तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण आधी पोर शांत होऊ दे, मग सांगू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. खरं म्हणजे ते भ्याले होते.

भाग्यश्री शांत झाली नाही. तिने वहीचं पान फाडलं आणि अर्ध्या तासात तक्रार लिहून काढली.

"बाबा, भाषा बघा. तुमच्यासारखी सरकारी झालीये का?"

रंगराव वाचू लागले. 'माझी मैत्रीण सलोनी हिने द्वेषबुद्धीने माझ्या नावे दुसरा अर्ज भरून माझे नुकसान केले आहे. तरी तिची निवड रद्द करून चौकशी व्हावी, ही नम्र विनंती.'

भाषा चोख होती. लहानपणापासून त्यांच्या मांडीवर बसून तिने हीच भाषा ऐकली होती. हा कागद उद्या कुठल्यातरी आवकच्या टेबलावर जाईल, त्यांच्यासारखाच कुणीतरी वर न बघता त्यावर शिक्का मारेल, आणि एकदा क्रमांक पडला की कागद परत घेता येत नाही, हे या घरात फक्त त्यांना माहीत होतं.

त्यांनी खिशातलं पेन काढलं. 'माझी मैत्रीण सलोनी हिने' यावर एक सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, 'माझे वडील रंगराव यांनी'. खालचं 'तिची निवड रद्द करून' हेही खोडलं. कागद त्यांनी तिच्याकडे परत दिला.

भाग्यश्रीने वाचलं. ती होती तिथे, फरशीवर बसली. काय झालं म्हणून मालनबाई हात पुसत बाहेर आल्या.

"तुम्ही?" भाग्यश्रीने वडिलांना विचारलं.

"दुसरी प्रत असावी म्हणून," रंगराव म्हणाले.

तिने कागदातल्या एका शब्दावर बोट ठेवलं.

"आणि हे, द्वेषबुद्धीने? हे नाही खोडलंत."

सव्वीस वर्षांत दुसऱ्यांचे शेकडो अर्ज दुरुस्त करून दिलेल्या रंगरावांना त्या जागी घालायला शब्द सापडला नव्हता. त्यांनी पेन तिच्यापुढे धरलं.

"तिथे काय लिहायचं, ते तू ठरव."