हिरवी नंबर प्लेट

“झिरो बघा, ताई,” म्हणत इस्माईलचाचांनी सवयीनं पेट्रोलचं नोझल उचललं आणि ते तसेच थांबले. गाडीची नंबर प्लेट हिरवी होती.

केबिनमध्ये पंपाचे मालक आप्पा एका गिऱ्हाइकाला नेहमीचं ऐकवत होते. “इलेक्ट्रिक गाडी चालता चालता पेट घेते. एवढी चांगली असती, तर सरकारनं टॅक्स कशाला माफ केला असता?” बोलता बोलता त्यांचं काचेबाहेर लक्ष गेलं. त्या गाडीच्या स्टिअरिंगवर त्यांची मुलगी केतकी बसली होती.

आप्पा धावतच बाहेर आले. “पंपवाल्याची पोर तू! माझं नाक कापायला आलीस?”

“पुढं पंप मीच चालवायचा ना, आप्पा? त्या कोपऱ्यात चार्जर लावू. त्याआधी गाडी स्वतः वापरून बघते.”

केबिनमधून मागोमाग आलेलं गिऱ्हाईक हसलं. “आप्पा, आता सांगा की! पेटते का ही?”

इतकी वर्षं या प्रश्नाचं उत्तर आप्पांच्या जिभेवर असायचं. आज त्यांना लेकीच्या छातीवरचा सीटबेल्ट तेवढा दिसला. खिडकीत वाकून त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, “खरंच पेटते का गं?”