अडतीसवर अडलेला पारा

बाईंनी हवामानाच्या पेटीतला थर्मामीटर बर्फाच्या भांड्यात बुडवला आणि नववीचा वर्ग पुढे वाकला.

"वितळत्या बर्फात किती दाखवायला हवं?"

"शून्य," वर्ग एका सुरात म्हणाला.

पारा शून्याच्याही तीन घरं खाली जाऊन थांबला. काचेची नळी पट्टीवरच्या चिमट्यांतून कुणीतरी खाली सरकवली होती. आपोआप सरकायला चिमटे काही सैल नव्हते.

शाळेचा नियम साधा होता. अंगणातल्या हवामानाच्या पेटीत मधल्या सुट्टीला चाळीस अंश दिसले, की शाळा सुटायची. शेजारच्या शाळा रोज सुटत होत्या. इथला पारा मात्र अडतीसवर अडून बसलेला. काल पाचवीतली एक चिमुरडी मैदानात भोवळ येऊन पडली, तेव्हा बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

पेटीची एकुलती एक किल्ली शिक्षकांच्या खोलीत खिळ्याला असे. नोंदी घ्यायची नववीतलीच भिंगरी. वाऱ्याची दिशा सांगताना गर्रकन वळते, म्हणून बाईंनीच हे नाव ठेवलेलं. शाळा लवकर सुटली की धावण्याचा सराव बुडायचा, आणि भिंगरी संघाची कप्तान.

"तू केलंस?"

"नाही, बाई."

"मग नळीला पाय फुटले?"

"बाई, एका दिवसाची ती हवा आणि वर्षानुवर्षांचं ते हवामान, असं तुम्हीच शिकवलंत ना? मग माझं एका दिवसावरून का ठरवता?"

बाई जास्तच चिडल्या. "तुझ्यावर विश्वास टाकला, त्याची माती केलीस. पुन्हा पेटीजवळ फिरकू नकोस." किल्ली खिळ्याला न लावता त्यांनी आपल्या पर्समध्ये टाकली.

घरी आल्यावर त्यांनी जेवणाचं ताट तसंच बाजूला सारलं. पोटच्या पोरीने दगा द्यावा तसं त्यांना झालं होतं.

"जीव लावायची फार घाई तुला," नवरा म्हणाला. तो त्याच शाळेत गणित शिकवायचा, वेळापत्रकही त्याच्याकडेच. यंदा एकही दुपार बुडाली नाही, म्हणून हेडमास्तरपदासाठी त्याचं नाव पुढे होतं. "मुलं ती मुलंच. दे सोडून."

"अहो, पण तीच का? दुसरं कुणी असतं तर इतकं लागलं नसतं."

"बरं, किल्ली माझ्याकडे दे. तुझ्या पर्समध्ये गेलेली वस्तू देवालाही सापडत नाही."

दिवसभरात बाई पहिल्यांदाच हसल्या. त्यांनी किल्ली काढून दिली.

एक गोष्ट मात्र त्यांनी कुणालाच सांगितली नाही. नळी जागेवर बसवताना त्यांनी नेलपेंटची एक बारीक रेघ ओढली होती, अर्धी काचेवर, अर्धी पट्टीवर. पोरीला रंगेहाथ पकडायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन नुसतं भाजून काढत होतं. संस्थेचे अध्यक्ष हेडमास्तर ठरवायला आले होते. मधल्या सुट्टीत बाईंनी नवऱ्याकडून किल्ली घेतली आणि साऱ्या वर्गासमोर पेटी उघडली. भिंगरी सगळ्यांच्या मागे, खाली मान घालून उभी होती.

पारा अडतीसवर होता. नेलपेंटच्या रेघेचा काचेवरचा तुकडा पट्टीवरच्या तुकड्यापासून तीन घरं खाली आला होता.

कुलूप शाबूत होतं, आणि किल्ली रात्रीपासून नवऱ्याच्या खिशात होती.